धा तिट धा धा: बीथोवनच्या सातव्या सिम्फनीतली दुसरी मूव्हमेंट

४ सप्टेंबर २०२४, लाइपझिग

नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं ठरलं. उत्तरार्धात बीथोवनची सातवी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची चार मूव्हमेंट्सची, म्हणजे चार भागांची, रचना), ए मेजर, ओपस ९२. आमचा ऑर्केस्ट्रा हौशी आहे, तालीम दर बुधवारी संध्याकाळी. मी व्हायोलामध्ये (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य). या वहीत फक्त दुसऱ्या मूव्हमेंटबद्दल लिहायचं ठरवलंय, कारण तिची सुरुवात आमच्या हातात आहे. फुंकवाद्यांचा एक कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) जोरात उठतो, दोन बारमध्ये (एक बार म्हणजे इथे दोन ठोके) विरत जातो आणि मग व्हायोला, चेलो, डबल बेस एवढेच आत शिरतात. दुसरी व्हायोलिन्स २७ व्या बारपासून, पहिली तर ५१ व्या बारपासून. एरवी ज्यांच्यामागे आम्ही चालतो ते सगळे तोवर मांडीवर वाद्य ठेवून ऐकत बसतात. लय बिघडली तर ती आम्हीच बिघडवलेली असणार.

आज कंडक्टरने मिनिटाला साधारण ६० ठोके धरले. सगळ्यांना आवडलं. एक वयस्कर चेलोवादक डोळे मिटून वाजवत होते. मला मात्र तिसऱ्या ओळीपर्यंत बो (गज) संपल्यासारखा वाटायला लागला. लांब स्वर ओढून धरावा लागतो, मग त्यामागचे दोन छोटे स्वर जड होतात आणि प्रत्येक चार ठोक्यांनंतर सगळं थांबून पुन्हा निघतं.

७ सप्टेंबर

घरी स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र छापलेली स्वरलिपी) घेऊन बसले. गणित आधी करून टाकते.

या मूव्हमेंटमध्ये २७८ बार आहेत, प्रत्येकात दोन ठोके. म्हणजे ५५६ ठोके. बीथोवनने स्वतः दिलेला आकडा आहे ७६. त्या हिशोबाने पूर्ण मूव्हमेंट ७ मिनिटं २० सेकंदांत संपते. बुधवारच्या ६० ने ती सव्वानऊ मिनिटांवर जाते. जुन्या पिढीतला जर्मन कंडक्टर फुर्टव्हेंगलर याच्या ध्वनिमुद्रणांत ती दहा मिनिटांच्या घरात आहे, म्हणजे मिनिटाला सुमारे ५६ ठोके. कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून सत्तरच्या दशकात करून घेतलेलं ध्वनिमुद्रण आठ मिनिटांच्या थोडं पुढे जातं. नॉरिंग्टन, गार्डिनर यांच्यासारखे जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवून घेणारे कंडक्टर ७६ च्या जवळ राहतात.

हा ७६ चा आकडा स्कोअरच्या पहिल्या आवृत्तीत नव्हता. सिम्फनी छापली गेली १८१६ मध्ये, व्हिएन्नात, श्टायनरकडून. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे मिनिटाचे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये, आणि बीथोवनने आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींसाठी मेट्रोनोमचे आकडे डिसेंबर १८१७ मध्ये जाहीर केले, ते इथे लाइपझिगमधून निघणाऱ्या संगीत नियतकालिकात. सिम्फनी आधी, आकडा नंतर. म्हणून आकड्याला नंतरची भर म्हणून बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तो बाजूला ठेवता येत नाही. त्याच यादीत पहिल्या मूव्हमेंटच्या संथ प्रस्तावनेला ६९ दिले आहेत. प्रस्तावनेचा ठोका दुसऱ्या मूव्हमेंटच्या ठोक्यापेक्षा सावकाश! या सिम्फनीतली खरी संथ जागा सुरुवातीलाच येऊन गेलेली असते. तिसरी मूव्हमेंट प्रेस्टो (अतिद्रुत), चौथी त्याहून बेभान. अशा चौघींत दुसरीला ‘संथ मूव्हमेंट’ म्हणायची सवय लागली ती केवळ ती दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणून आणि मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या पट्टीत) आहे म्हणून.

११ सप्टेंबर

तालमीत पुन्हा ६०. काही बोलले नाही. आधी स्वतःचं पक्कं व्हायला हवं.

२२ सप्टेंबर

रविवार. बाबांना व्हिडिओ कॉल. बाबा मिरजेत, बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा तबला घेऊन बसले आहेत. पाश्चात्त्य संगीत ते फारसं ऐकत नाहीत, पण माझ्यासाठी ऐकतात. मी फोन स्पीकरजवळ ठेवला आणि आधी फक्त आमचा भाग, तिसऱ्या बारपासून सव्विसाव्यापर्यंत, ऐकवला.

पहिल्या ओळीतच त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. “धा तिट धा धा,” ते म्हणाले. “धा तिट धा धा. हेच चाललंय की गं नुसतं.”

अगदी हेच आहे. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. चार मात्रांचा तुकडा, आणि पूर्ण मूव्हमेंट त्याच्यावर उभी. बाबांनी पुढे मोजलं: तुकडा चारदा झाला की ओळ पुरी होते. आठ बार, सोळा मात्रा. मग दुसरी ओळ सोळा मात्रांची, आणि तीच दुसरी ओळ पुन्हा एकदा, आणखी हळू आवाजात. “तीन आवर्तनं झाली की,” बाबा म्हणाले. मी म्हटलं, पण यांच्याकडे सम नाही बाबा, टाळी-खाली नाही. त्यावर ते म्हणाले, “नसू दे. चालणाऱ्याला कळतं कुठे पाऊल टाकायचं ते.”

मग मी त्यांना दोन्ही लयी ऐकवल्या, आधी फुर्टव्हेंगलर, मग क्लायबर. पहिल्यावर ते बराच वेळ गप्प होते. “मोठा माणूस दिसतो,” म्हणाले. “पण तिट ऐकलंस का? तिट तुटतंय. एवढ्या सावकाशीत ‘ति’ आणि ‘ट’ एकमेकांना ओळखत नाहीत.” दुसऱ्यावर लगेच मान हलली. “ही मध्यलय. हिच्यात बोल बोलतोय.”

बुधवारी बो का संपतोय ते मला इथे समजलं. लांब स्वरात दुःख भरायला जावं तर दोन आखूड स्वर उपरे होतात. दोन आखूड स्वर पुढच्या लांब स्वराकडे ढकलत असतील तरच तुकडा जिवंत राहतो. आणि सुरावट तशी काहीच नाही! पहिल्या ओळीत वरचा आवाज जवळजवळ एकाच सुरावर खिळलेला असतो. हलतात ते खालचे कॉर्ड. सूर हलत नसताना ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं काम एकट्या लयीवर आहे.

२५ सप्टेंबर

तालमीआधी कंडक्टरला गाठून बाबांचं ‘तिट’ टाळ्या वाजवून दाखवलं, ६० मध्ये आणि ७२ मध्ये. तिने दोनदा करायला लावलं. मग तालमीत व्हायोलांना म्हणाली, लांब स्वर थोडा लवकर सोडा, बो हलका करा, छोटे दोन बोच्या मध्यावर घ्या. लय ६६ वर आली. वयस्कर चेलोवादक नाराज. त्यांचं म्हणणं, या संगीताला श्वास हवा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी पन्नास वर्षं ही मूव्हमेंट सावकाश ऐकली आहे आणि ती त्यांना प्रत्येक वेळी भिडली आहे.

२ ऑक्टोबर

आज २७ व्या बारपासूनचा भाग. मूळ तुकडा दुसऱ्या व्हायोलिन्सकडे जातो आणि व्हायोला-चेलोंना एक नवीन गाणं मिळतं, त्याच तुकड्याच्या अंगावरून जाणारं. या सिम्फनीत व्हायोला वाजवणाऱ्याच्या वाट्याला आलेले हे सगळ्यात सुंदर चोवीस बार आहेत. ५१ ला हेच गाणं दुसऱ्या व्हायोलिन्सकडे जातं आणि तुकडा पहिल्या व्हायोलिन्सकडे. ७५ ला सगळा ऑर्केस्ट्रा, ट्रम्पेट आणि टिंपनीसह (मोठ्या नगाऱ्यांसह), पूर्ण जोरात. तुकडा फुंकवाद्यांत, गाणं पहिल्या व्हायोलिन्समध्ये. चारदा तेच, प्रत्येक वेळी एक मजला वर. नवीन कल्पना कुठलीच आणलेली नाही, फक्त माणसं वाढत गेली आहेत.

आपल्याला गाणं मिळालं की सगळ्यांनाच रेंगाळावंसं वाटतं. आम्ही रेंगाळलो. मागे दुसरी व्हायोलिन्स धा तिट धा धा धरून बसलेली, त्यांची अडचण झाली. त्यांच्यापैकी एकीने मध्यंतरात मला सांगितलं की तुम्ही गाताय तोवर आम्हाला दुकान बंद करून थांबावं लागतं. खरं आहे.

९ ऑक्टोबर

पट्टीबद्दल.

पहिली मूव्हमेंट ए मेजरमध्ये उजेडात संपते. क्षणभर शांतता, आणि ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न यांचा ए मायनरचा कॉर्ड. बाबांना हे सांगताना मी म्हटलं होतं, षड्ज तोच, गंधार कोमल झाला. पण त्या कॉर्डमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी आज ओबोच्या मागे बसून ऐकताना नीट कळली: त्याच्या तळाला षड्ज नाहीच. तळाला पंचम आहे. असा कॉर्ड पाश्चात्त्य संगीतात विसावा देत नाही, त्याच्यापुढे काहीतरी यायलाच लागतं. बीथोवनने दार उघडायला हा कॉर्ड वापरला, आणि मूव्हमेंटच्या अगदी शेवटी तोच कॉर्ड, तसाच पंचमावर टेकलेला, पुन्हा ठेवला. संपल्यावरही संपलं असं वाटत नाही त्याचं कारण तिथे आहे.

आणि मधला मेजरचा भाग. १०२ व्या बारला पट्टी ए मेजर होते. षड्ज जागच्या जागी, गंधार आणि धैवत शुद्ध. क्लॅरिनेट आणि बसून एक लांब, मऊ सुरावट घेतात, पहिली व्हायोलिन्स तीन-तीनच्या हलक्या लहरींत फिरतात. कार्यक्रमाच्या माहितीपत्रकांत या जागेला ‘सांत्वन’ म्हणायची पद्धत आहे. आज तालमीत डबल बेसच्या शेजारी उभी राहिले (माझ्या स्टँडवरच्या बाईंना मुद्दाम सांगून उठले) आणि खाली काय चाललंय ते ऐकलं. चेलो आणि बेस बोटांनी तार छेडत आहेत, आणि काय छेडत आहेत? तोच ताल. लांब, आखूड आखूड. वर ऊन पडलेलं, खाली पावलं तशीच चाललेली.

मला या मूव्हमेंटबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. तिचा भाव मायनरमधून येत नाही. मायनर गेलं तरी तो जात नाही, कारण तो चालण्यातून येतो. दुःखी माणूस इथे बसून राहिलेला नाही. तो चालतोय, आणि मध्येच चांगलं काही आठवलं तरी पाय थांबत नाहीत. लय ओढली की तो बसतो. मग सुंदर काहीतरी ऐकू येतं, पण ते हे नव्हे.

१६ ऑक्टोबर

तालमीला जाताना ट्राम मुद्दाम आधी सोडली आणि फ्योल्करश्लाखटडेंकमाल पाहून गेले. ९१ मीटरचा काळपट दगडी डोंगर. लाइपझिगची लढाई १६ ते १९ ऑक्टोबर १८१३ मध्ये याच भागात झाली, स्मारक बरोबर शंभर वर्षांनी, १९१३ मध्ये खुलं झालं. आज १६ तारीख, म्हणून माणसं होती, फुलं होती.

इथे येण्याचं कारण सिम्फनीच. लाइपझिगला हरल्यावर नेपोलियन पश्चिमेकडे मागे हटला. ३० आणि ३१ ऑक्टोबरला हानाऊ गावाजवळ ऑस्ट्रियन आणि बव्हेरियन सैन्याने त्याची वाट अडवायचा प्रयत्न केला. वाट अडली नाही, पण हजारो माणसं मेली किंवा जायबंदी झाली. त्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात जो कार्यक्रम झाला, त्यात सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली. कंडक्टर स्वतः बीथोवन, ऐकू येणं बरंच कमी झालेलं. व्हायोलिन्समध्ये संगीतकार लुइ श्पोर बसला होता. त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की हळू आवाजाच्या जागी बीथोवन खाली खाली वाकत जाई आणि जोराच्या जागी उडी मारल्यासारखा वर येई. मधल्या वेळात मेल्त्सेलने बनवलेल्या यांत्रिक ट्रम्पेटवादकाने दोन मार्च (कवायतीच्या धुना) वाजवले. मेट्रोनोमचा हाच मेल्त्सेल. लोक मुख्यतः आले होते ते इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या विजयावर बीथोवनने रचलेल्या लढाईच्या संगीतासाठी, ज्यात सालिएरीसारखा बुजुर्ग संगीतकार तोफांच्या आवाजांचं पथक सांभाळत होता. आणि त्या सगळ्या गोंगाटात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावली ती ही दुसरी मूव्हमेंट. चार दिवसांनी, १२ तारखेला, कार्यक्रम पुन्हा झाला.

त्या सभागृहात कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ हानाऊला होता हे आता कळायचा मार्ग नाही. पण त्यांनी यात शोक ऐकला असणार, आणि तेव्हापासून ही मूव्हमेंट शोकयात्रेसारखी वाजवायची ओढ लागली असावी असं मला वाटतं. मात्र लिहिली गेली ती १८११-१२ मध्ये, हानाऊच्या आधी. कोणत्याही मृतासाठी ती लिहिलेली नाही. बीथोवनला शोकयात्रा लिहायची असे तेव्हा तो तसं वर लिहीत असे. तिसऱ्या सिम्फनीत त्याने लिहिलंच आहे. इथे लिहिलं नाही. सातव्या सिम्फनीला संगीतकार वाग्नर नृत्याचा परमोत्कर्ष म्हणायचा, आणि मला वाटतं, या मूव्हमेंटलाही ते लागू पडतं.

तालमीत हे सगळं सांगितलं नाही. वयस्कर चेलोवादकांना मात्र मध्यंतरात हानाऊची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत होती. माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. म्हणाले, “मग तर सावकाशच हवं.” आम्ही दोघंही आपापल्या जागी ठाम राहिलो, आणि नंतरच्या तासाभरात त्यांचा लांब स्वर थोडा लवकर सुटायला लागला. असं माझ्या कानाला तरी वाटलं.

२३ ऑक्टोबर

१८३ व्या बारपासूनचा फ्यूगसारखा भाग. सगळं अगदी हळू आवाजात, एक एक आवाज आत शिरतो, छोट्या स्वरांची बारीक धाव सुरू. हौशी ऑर्केस्ट्राचं इथे नेहमी होतं ते झालं: हळू वाजवायचं म्हणून सावकाश वाजवलं. कंडक्टरने सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला लावून फक्त ताल ओठांनी म्हणायला लावला. माझ्या शेजारच्या बाई धा तिट धा धा म्हणतात आता, उच्चार अगदी चोख. बहुधा मीच शिकवलंय.

२१४ ला पुन्हा सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. इथे काही सांगावं लागत नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळीचा फोन. आईने चकलीच्या भाजणीचं विचारलं, बाबांनी लयीचं. सांगितलं, ७० च्या आसपास आलोय. “अजून दोन-चार चढवा,” म्हणाले. “पण चढवून धावू नका. धावलं की लग्नातला बँड होतो.”

६ नोव्हेंबर

शेवटाबद्दल वाद. शेवटी तुकडा फोडला जातो, एक घास एका वाद्यगटाकडे, पुढचा दुसऱ्याकडे, वरून खाली. तंतुवाद्यं बोटांनी छेडतात. अगदी शेवटच्या बारांत छापील प्रतीत पुन्हा बो घ्यायला सांगितलंय. क्लायबर ते मानत नाही. तो वडिलांप्रमाणे, एरिश क्लायबरप्रमाणे, शेवटपर्यंत बोटांनीच छेडायला लावतो. ऐकायला विलक्षण आहे: स्वर उमटतो आणि लगेच नाहीसा होतो. आमच्या कंडक्टरने दोन्ही करून पाहिलं. तिने बो निवडला. मला क्लायबरचं जास्त आवडतं, पण बोवर आल्यामुळे पहिली व्हायोलिन्स शेवटच्या फुंकवाद्यांच्या कॉर्डमध्ये जोडून घेतात आणि तो पंचमावरचा कॉर्ड जास्त उघडा पडतो, हे मान्य करावं लागलं.

१३ नोव्हेंबर

शेवटची तालीम. ७२ वर स्थिर. पूर्ण मूव्हमेंट न थांबता.

१७ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. चर्च भरलेलं होतं, थंडी होती, हातमोजे काढून बसल्यावर पहिला स्वर लावेपर्यंत बोटं गार.

ध्वनिमुद्रण आजच ऐकून घेतलं. ७ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे सरासरी ७१. सुरुवात ७३ ने झाली आहे, आणि आमचे पहिले चोवीस बार खरोखर चालतात. दुसरी ओळ परत येते तिथला हळू आवाज हळूच राहिला, लय पडली नाही. ७५ चा जोर मोकळा आला, चर्चच्या छतामुळे ट्रम्पेट थोडे जास्तच.

लय गेली आहे ती ए मेजरमध्ये. क्लॅरिनेटने सुरावट इतकी सुरेख घेतली की सगळे तिच्याभोवती थांबून ऐकायला लागले, आणि १२० व्या बारच्या पुढे ठोका ६६ वर आला. व्हायोलिन्सच्या तीन-तीनच्या लहरी रुंद होत गेल्यात आणि बेसचे छेडलेले ठोके त्यांच्यासाठी वाट पाहताना ऐकू येतात. १५० ला मायनर परतल्यावर लय आपोआप सावरली. वयस्कर चेलोवादक नंतर कोट घालताना माझ्याकडे आले, म्हणाले, मधला भाग बरोबर होता. त्यांना तोच आवडला.

जानेवारीत हाच कार्यक्रम दुसऱ्या गावात आहे. कंडक्टरला निरोप पाठवलाय: १०२ पासून बेसनी लहरींची वाट पाहू नये, लहरींनी बेसवर यावं. तालमीत पहिली दहा मिनिटं फक्त बेस, चेलो आणि पहिली व्हायोलिन्स, सुरावट काढून टाकून. तिचं उत्तर आलं, आणि क्लॅरिनेटला तेवढा वेळ समोर बसून ऐकायला लावू.